तहानलेलं नारिंग

तहानेने कुणी फुलतं, असं तुम्हाला वाटतं का?

लगेच हो किंवा नाही म्हणू नका. ऑक्टोबर लागला आहे, म्हणजे इथे ऑस्ट्रेलियात वसंत, आधी एकदा आमच्या टार्निटला येऊन जा. आमच्या गल्लीतली घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. करडी छपरं, करडी कुंपणं, आणि पश्चिमेचा वारा, ज्याला अडवायला वाटेत काहीच नाही. या गल्लीला स्वतःचा असा वास नसतो. रविवारी कुणाचा तरी बार्बेक्यू, कुणाची तरी फोडणी, बस. पण परवा सकाळी स्टेशनकडे निघाले आणि दाराबाहेरच पाय थांबले. शेजारच्या कुंपणावरून तो वास आला होता. मोगऱ्याहून हलका, लिंबाच्या सालीहून गोड, आणि मागे कुठेतरी कडवट, खरं बोलणाऱ्या माणसासारखा. कानात हेडफोन घालून धावणारा एक जण माझ्यासमोर क्षणभर थबकला, त्याने इकडेतिकडे पाहिलं, कारण सापडलं नाही, आणि तो पुन्हा धावायला लागला. मला त्याला हाक मारून सांगावंसं वाटलं की बाबा रे, हा ट्युनिशियाच्या किनाऱ्याचा वास आहे, आणि तो इथे आणायला आम्ही एक अख्खी थंडी भांडलो आहोत.

ट्रेन अर्थातच चुकली. आणि प्लॅटफॉर्मवर बसून मी पुन्हा त्या वर्षात गेले.

मी पत्रकांवर वाढले. ही शोभेची ओळ नाही, अगदी खरी गोष्ट आहे. बाबा नागपूरकडचे, काटोलजवळच्या एका गावचे. ऑस्ट्रेलियात आले तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि पुस्तिका जास्त होत्या. दर ऑक्टोबरला दीक्षाभूमीच्या बाहेर रस्त्यावर पथारी टाकून विकतात त्या पातळ, पिनांनी टाचलेल्या पुस्तिका. इंग्रजी शाळेतून घरी आल्यावर मला मराठी शिकवायला दुसरं काही नव्हतं. त्यामुळे बाकीची मुलं कमळ-बदक वाचत असतील त्या वयात मी ‘जाहीर आवाहन’ वाचत होते. ‘निषेध’ हा शब्द मला ‘नारळ’च्या आधी येत होता. आई म्हणायची, “या पोरीला भाजीत मीठ कमी पडलं तरी ती ठराव मांडेल.” त्या पुस्तिकांमधली एक महाडच्या तळ्याची होती. तिची पिन गंजून पानं सुटली, इतक्यांदा मी ती वाचली. पाणी हा पदार्थ नसून प्रश्न असतो, हे मला तिथे कळलं.

म्हणून त्या वर्षी क्लेटनच्या युनिमध्ये जेव्हा भूगोलाच्या ट्युटरने सांगितलं की प्रत्येकाने जगातला एखादा किनाऱ्यालगतचा प्रांत निवडा, त्याची जमीन, पाणी, पिकं आणि राबणारे हात यांचा अभ्यास करा, आणि ऑक्टोबरमध्ये वर्गासमोर उभं राहून मांडा, तेव्हा मला जागच्या जागी उडी मारावीशी वाटली. बाकीच्यांनी प्रसिद्ध किनारे घेतले. मी ट्युनिशियातलं नाबुल घेतलं. कारण नाबुल आमच्या कुंपणापलीकडे राहत होतं.

म्हणजे नझीहा. आमची शेजारीण. नाबुलमध्ये जन्मलेली, तिथल्या नारिंगांच्या बागेत वाढलेली. ती मला ‘बेंती’ म्हणते, म्हणजे माझी मुलगी, आणि मी तिला ‘खालती’ म्हणते. खालती म्हणजे मावशी. तिची खरी मुलगी इनेस, शाळेत शिकवते, आणि त्या वर्षी डिसेंबरात तिचं लग्न होतं. मी वही-पेन घेऊन गेले तर खालतीने ती बाजूला सारली. ओट्यावर रवा ओतला आणि तळहाताने पसरला.

“हा समुद्र,” ती म्हणाली, आणि बोटाने रवा बाजूला लोटत सिसिलीकडे रोखलेल्या बोटासारखा जमिनीचा एक तुकडा काढला. “इकडेही समुद्र, तिकडेही समुद्र. मध्ये आम्ही.”

मग तिने चण्याचे दाणे आणले. आतल्या मैदानात चणे, म्हणजे संत्री आणि नारिंगं. किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यात तिखटाची चिमूट, म्हणजे मिरच्या. उन्हाळा संपताना त्यांच्या माळा घरांच्या भिंतीवर लटकतात, आणि लांबून बघितलं तर अख्खं गाव लाल दिसतं. टोकाकडे मनुका, म्हणजे द्राक्षांचे मळे. नाबुल शहरापाशी तिने रव्यावर वाटी पालथी घातली. “इथे कुंभार. आमच्या बागेच्या फाटकापाशी त्यांच्याकडचा एक रांजण असायचा. येणारा-जाणारा पाणी प्यायचा. माझे वडील रोज भरायचे.”

“आणि विहिरी?” मी विचारलं.

तिने हाताला लागलेला रवा झटकला. मग मिठाच्या डब्यात बोटं घालून तिने किनाऱ्याच्या कडेने मीठ भुरभुरवलं. हळूहळू, आतल्या चण्यांपर्यंत.

“सगळ्यांनी पंप लावले. ज्याचा पंप मोठा त्याने खोल ओढलं. जमिनीतलं गोडं पाणी खाली गेलं आणि त्याच्या जागी समुद्र आत आला. ज्याची विहीर लहान, तिच्यात मीठ आधी आलं. नंतर सरकारने दूरच्या नदीचं पाणी कालव्याने आणलं, पण आमची बाग तोवर थांबली नाही, बेंती. पानं टोकापासून जळत गेली. एके दिवशी वडिलांनी रांजण भरला, एक घोट घेतला, आणि तो उपडा करून ठेवला.”

ओट्यावरचा तो प्रांत मी अजून विसरलेले नाही. खालतीने नंतर तो गोळा करून चाळला आणि त्याचा कुसकुस केला. जरा खारट झाला होता. तरी सगळ्यांनी खाल्ला.

नाबुलमध्ये वसंत आला की कडू नारिंग फुलतं. हे खायचं फळ नव्हे, याचं मोल फुलात. बायका पहाटे झाडाखाली चादरी पसरतात, शिड्यांवर चढतात आणि फुलं खुडतात. काही फुलं तेल काढायला कारखान्यात जातात आणि तिथून परदेशी अत्तरात. ती खुडणाऱ्या बायका मात्र ट्रकच्या मागच्या भागात उभ्या राहून घरी जातात. खालती सांगायची, ती स्वतः मुलगी असताना तशी जायची, एका हाताने ट्रकची कड धरून आणि दुसऱ्या हाताने फुलांचं पोतं, कारण फूल दाबलं गेलं की त्याचं पाणी बिघडतं. माणूस दाबला गेला की काय बिघडतं, हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं. ही ओळ मी लगेच माझ्या भाषणासाठी राखून ठेवली.

पण काही फुलं घरात राहतात. घरोघरी तांब्याचं भांडं चुलीवर चढतं आणि फुलांची वाफ थंड करून पाणी गाळलं जातं. ते पाणी कॉफीत जातं, मिठाईत जातं, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर जातं. आणि मुलगी लग्न होऊन निघाली की तिच्याबरोबर त्या पाण्याच्या बाटल्या जातात, आईच्या हातच्या, आईच्या झाडाच्या. खालतीबरोबर ओळीने बाटल्या आल्या होत्या. तिच्या आईबरोबर, तिच्या आजीबरोबरही. म्हणून इथे घर घेतल्यावर तिने पडदे लावायच्या आधी मागच्या अंगणात नारिंगाचं कलम लावलं होतं.

झाड वाढलं. पानं अशी तुकतुकीत की हात फिरवावासा वाटावा. फूल मात्र एक नाही. एक ऑक्टोबर गेला, दुसरा गेला. डिसेंबरात इनेसचं लग्न, आणि पुढचा ऑक्टोबर हा शेवटचा.

“मम, कोबर्गच्या दुकानात मिळते ना बाटली,” इनेस म्हणायची. “मस्त मिळते. निळ्या काचेची.”

“दुकानातली बाटली दुकानाच्या मुलीने न्यावी,” खालती म्हणायची, आणि पुन्हा झाडाला पाणी घालायला जायची. शिवाय स्प्रिंकलर होताच, तो रोज संध्याकाळी आपोआप सुरू व्हायचा.

मे महिन्यात एका रविवारी बाबा कुंपणापाशी उभे राहून हे बघत होते. बाबा आयटी कॉन्ट्रॅक्टर. आठवडाभर ते स्क्रीनशी बोलतात आणि रविवारी झाडांशी.

“नझीहाजी, तुम्ही त्याला फार सुखात ठेवलंय,” ते म्हणाले. “त्याला फुलायचं काही कारणच नाही. त्याला ताण द्या.”

ताण म्हणजे काय ते मीच समजावून सांगितलं. आमच्या विदर्भात संत्र्याचा बहार असाच धरतात. थंडीत झाडाचं पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड वाढायचं थांबतं. मग वेळ साधून पाणी द्यायचं, की ते फुलांनी लगडतं. आपल्याकडे थंडी डिसेंबरात, इथे जूनमध्ये. बाबांनी हिशेब उलटा करून बोटावर मांडला. आमच्या टार्निटची माती काळी, ज्वालामुखीच्या दगडाची, अगदी काटोलसारखी पाणी धरून ठेवणारी. म्हणजे जूनपासूनच बंद करायला हवं.

खालतीने हातातली नळी खाली ठेवली.

“मिस्टर सुनील, माझ्या वडिलांची बाग तहानेने मेली. शेवटी शेवटी आम्ही स्वतःचं प्यायचं पाणी झाडांना घातलं. आणि तुम्ही म्हणता, मी माझ्या हाताने पाणी बंद करू?”

“मरायला नाही सांगत मी. फुलायला सांगतोय.”

“ते तुम्हाला माहीत आहे. झाडाला कसं कळणार?”

बाबा कुंपणापासून मागे सरले. आणि मी, खरं सांगते, तिच्या बाजूने पेटून उठले. रात्रीच्या जेवणापर्यंत माझं आख्खं पत्रक तयार होतं.

“बाबा, तहान लागली की शहाणपण येतं, हे आपण म्हणायचं? आपण? ज्यांना पिढ्यानपिढ्या तहानलेलं ठेवलं आणि वर सांगितलं की हे तुमच्या भल्यासाठी आहे?”

“मी झाडाबद्दल बोलून राहिलो, बाई. तू पत्रक नको काढू.”

“आजोबा दुसऱ्याच्या बागेत ओलीत करायचे. विहिरीवरून झाडांना पाणी द्यायचे, आणि स्वतःला तहान लागली की ओंजळ धरून उभे. कुणीतरी वरून ओतायचं. ही गोष्ट तुम्हीच सांगितली ना मला?”

आईने भाताचं भांडं दोघांच्या मध्ये ठेवलं, हद्द आखावी तसं. बाबांनी त्यातला भात वाढून घेतला.

“हाव, मीच सांगितली,” ते मग म्हणाले. “आता उरलेली पण ऐक. बागेला ताण बसला की तुझा आजोबा रोज सकाळी झाडापाशी जायचा. पान हातात घ्यायचा. किती दुमडलं, किती गळलं. एक दिवस जास्त झाला तर झाड जाते. म्हणून ताण देणारा रोज पान पाहते. नाही पाहिलं, तर तो ताण नाही. तो खून आहे.”

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. “आमच्या वस्तीत कोणी पान पाहायला आलं नाही. एवढाच फरक आहे. पण लय मोठा आहे.”

माझं पत्रक त्या भातासमोर गार झालं. नाही, विझलं नाही. त्याचा मथळा बदलला. इतकी वर्षं मी विचारत होते, पाणी कुणी बंद केलं? आता दुसरा प्रश्न आला होता. बंद करणारा रोज बघायला येतो का? जगातल्या प्रत्येक धरणाला, प्रत्येक कालव्याला, नळाचं वेळापत्रक ठरवणाऱ्या प्रत्येक खुर्चीला हा प्रश्न विचारता येईल, या कल्पनेने मला त्या रात्री झोप लागेना.

सकाळी मी ते जसंच्या तसं खालतीला सांगितलं. ती झाडापाशी गेली, एक पान बोटांत धरून उभी राहिली, ताप बघावा तशी.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “पण पान मी बघणार. पाणी कधी, हे मी सांगणार, तुझे बाबा नाहीत. आणि त्या दिवशी नळी नाही. ज्यांनी पाणी तोडलं त्यांनी हाताने वाहून आणायचं.”

बाबांना अटी सांगितल्या. “मंजूर,” ते म्हणाले. “बाई कडक आहे.”

मग ती थंडी. इनेसने स्प्रिंकलर बंद केला. पाऊस मुळाशी जाऊ नये म्हणून झाडाखाली ताडपत्री हवी होती. बाबा गराजमधून मोठी निळी ताडपत्री घेऊन आले. आईने वाटेतच अडवलं. “ही जयंतीच्या स्टेजमागची आहे. पायाखाली घालता?” बाबांनी ती उलटसुलट करून दाखवली, कुठे फोटो नाही, अक्षर नाही. आई म्हणाली, “मग ठीक. पाण्याच्याच कामाला चालली आहे म्हणा.” त्या जून-जुलैत आमच्या खिडकीतून निळ्या चौकोनावर उभं एक हिरवं झाड दिसायचं आणि त्याच्याभोवती ओव्हरकोट घातलेली एक बाई.

खालतीला ते सहन होत नव्हतं. एकदा मी तिला कपातली उरलेली कॉफी हळूच बुंध्याशी ओतताना पकडलं. बाबाही कुंपणापाशीच होते.

“नझीहाजी, कॉफी पाजता का झाडाला?”

“एक घोट. थंडी फार आहे.”

“साखर घातली होती?”

“अर्थात.”

“मग आता बिस्किट पण द्या.”

ती हसली, आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मी बघितलं ते. तिला झाड दिसत नव्हतं, बाग दिसत होती. ऑगस्टमध्ये पानांच्या कडा आत वळल्या, होड्यांसारख्या. मग ती गळायला लागली. निळ्या ताडपत्रीवर पिवळी पानं. नाबुलमधल्या तिच्या बहिणीने व्हिडिओ कॉलवर ते झाड पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तिच्यामागे भिंतीवर मिरच्यांच्या माळा होत्या, तिथे उन्हाळा सरत आलेला. इथे आमचे श्वास वाफ होऊन बाहेर पडत होते. एकाच फोनमध्ये दोन ऋतू, आणि दोन्हीकडे एकाच झाडाची काळजी.

त्याच दिवसांत मी वेरिबी साउथला गेले. आमच्याकडून गाडीने जवळच, पण मी कधी गेलेच नव्हते. उपसागराच्या काठापर्यंत फ्लॉवर आणि ब्रोकोलीची शेतं, एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला निळसर हिरव्या पानांच्या रांगा, आणि वाकून काम करणारी माणसं. इथेही नदीचं पाणी पुरत नाही, म्हणून शहराचं सांडपाणी शुद्ध करून शेताला देतात, आणि त्यातल्या मिठाची काळजी इथल्या शेतकऱ्यालाही आहे. मी बांधावर उभी राहून थरारले. मी जगाच्या दुसऱ्या टोकाचा प्रांत अभ्यासायला निघाले होते, आणि तोच प्रश्न माझ्या भाजीच्या पिशवीत होता. आम्ही रोज खातो तो फ्लॉवर कुठल्या पाण्यावर वाढतो हे आमच्या गल्लीत मला धरून कुणालाच माहीत नव्हतं.

सप्टेंबर लागला आणि एका सकाळी न्याहारीच्या आधी दारावर थाप पडली. खालती होती, हातात एक पान, कागदासारखं वाळलेलं.

“आज,” ती म्हणाली.

आम्ही सगळे बादल्या घेऊन गेलो. बाबा, आई, मी आणि झोपेतून उठलेली इनेस. ताडपत्री काढली. खालची माती भेगाळली होती. बाबांनी हात आडवा धरला. “आज थोडंच. याला आंबवणी म्हणतात. उपाशी माणसाला एकदम पंगतीत बसवू नये.” पहिली बादली खालतीने ओतली, अगदी हळू. काळ्या मातीने पाणी घेतलं तेव्हा भेगांतून बुडबुड आवाज आला, कुणीतरी बोलायच्या आधी घसा खाकरावा तसा. बाबा उकिडवे बसले, मूठभर ओली माती नाकाशी नेली.

“काटोल,” ते म्हणाले. एवढंच.

त्यानंतर रोज पाणी, रोज जरा जास्त. आणि फूल नाही. मी भाषण लिहीत होते, खोडत होते, खालती झाडाभोवती फिरत होती, बाबा कुंपणापाशी जायचं टाळत होते. इनेसने कोबर्गच्या दुकानात बाटल्या सांगून ठेवल्या, कुणाला न सांगता. मला माहीत होतं, कारण गाडी मी चालवत होते.

मग ऑक्टोबरच्या तोंडावर फोन आला. “बेंती, ये.”

पानांच्या बेचक्यात तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके. एका फांदीवर, मग दुसऱ्या, मग बघावं तिकडे. खालती एकेक फांदी वाकवून दाखवत होती आणि अरबीत काहीतरी पुटपुटत होती. बाबांना बोलावलं. ते कुंपणावरून वाकले, पाहिलं, आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

“मिस्टर सुनील,” खालती म्हणाली, “तुम्ही भयंकर माणूस आहात.”

“थँक यू,” बाबा म्हणाले.

भाषणाच्या दिवशी मी उमललेली एक डहाळी डब्यात घालून निघाले. टार्निटहून क्लेटन म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. डबा बंद होता तरी ट्रेनभर वास. समोरच्या सरदारजी अंकलनी शेवटी विचारलंच.

“बेटा, डब्बे में क्या है?”

“फूल, अंकल.”

“खाने के?”

“पीने के.”

त्यांनी मान डोलवली, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं.

वर्गात मी डबा उघडून फिरवला आणि मग बोलले. सिसिलीकडे बोट रोखलेली जमीन. दोन्हीकडचा समुद्र. लाल भिंती. मोठे पंप आणि लहान विहिरी. ट्रकमध्ये उभ्या बायका. ट्युटरने घड्याळाकडे दोनदा पाहिलं, मी दोनदा दुर्लक्ष केलं. शेवटी मागच्या रांगेतल्या एकाने विचारलं, “मग तुझं म्हणणं काय, पाणी बंद केलं की सगळं छान फुलतं?” सगळे हसले.

मी म्हणाले, “नाही. तहानेने काहीच फुलत नाही. तहान संपेल याची काळजी कुणीतरी रोज घेतं, तेव्हा फुलतं. नाबुलच्या लहान विहिरींकडे रोज कोण बघत होतं? त्या ट्रककडे कोण बघतं? वेरिबीच्या शेताकडे आपण कधी बघितलंय?” डबा त्या मुलापर्यंत पोहोचला होता. त्याने वास घेतला, आणि तो पुढे द्यायला विसरला.

फुलं खुडली त्या सकाळी आईने वंदनेला अंथरतो त्या पांढऱ्या चादरी दिल्या. ऊन चढायच्या आत, दव वाळल्यावर, चिमटीने, न दाबता. खालतीने झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. खालच्या फांद्या बसून खुडायच्या. “आज इथे कुणी उगाच उभं राहणार नाही,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. गराजमध्ये तांब्याचं भांडं चढलं. वरच्या झाकणावर थंड पाणी, बाजूला नळी, नळीखाली बाटली. बाबा दारात थबकले.

“अरे, ही तर आमच्याकडची मोहाची भट्टी.”

“हळू बोला,” आई म्हणाली. “शेजारी पोलिसांना बोलावतील.”

थेंब पडू लागले. इनेस, जिला दुकानातली निळी काच चालणार होती, ती एस्कीवर, म्हणजे बर्फाच्या पेटीवर बसून तासन्‌तास ती नळी बघत राहिली. एक थेंब तिने बोटावर घेतला, जिभेवर ठेवला. “कडू आहे,” ती म्हणाली, आणि बोट पुन्हा नळीखाली धरलं. दुकानातल्या बाटल्या तिने त्याच संध्याकाळी फोन करून रद्द केल्या.

एका झाडाची ती पहिली फुलं. एक बाटली भरली, दुसरी अर्धी. ओळ नाही, जेमतेम जोडी. खालतीने त्या खिडकीत ठेवल्या आणि त्यांच्यापुढे उभी राहिली. तिच्या आईने दिलं होतं त्याच्यापुढे हे काहीच नव्हतं, आणि तरीही हे होतं.

लग्नाच्या दिवशी डिसेंबरचं असं ऊन होतं की रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. पाहुणे यायला लागले तेव्हा इनेस लग्नाच्या पोशाखात बाहेर आली, अर्धी बाटली हातात घेऊन. खालतीच्या घरात कोपऱ्यात नाबुलचा एक मातीचा रांजण शोभेला ठेवलेला असायचा, रिकामा. तो तिने फुटपाथवर ठेवायला लावला, पाणी भरलं, बर्फ टाकला, आणि अर्धी बाटली त्यात ओतली.

“ती तुझ्या घरासाठी होती,” खालती म्हणाली.

“भरलेली नेते ना, मम,” इनेस म्हणाली. “ही बागेच्या फाटकासाठी.”

खालतीने रांजणाच्या कडेवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. आईने आमच्याकडचे स्टीलचे पेले आणून ठेवले. पाहुणे प्यायले. पार्सल द्यायला आलेला ड्रायव्हर प्यायला आणि त्याने विचारलं हे काय आहे, मेट? समोरची पोरं प्यायली आणि त्यांनी तोंडं वेडीवाकडी केली. मग बाबा आले. सूट, निळा टाय, घामाघूम. त्यांनी पेला उचलला, वाकून स्वतःच्या हाताने रांजणातून पाणी घेतलं. कुणी वरून ओतलं नाही. कुणी नाव विचारलं नाही. ते उन्हात उभे राहून अगदी सावकाश प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि पेला विसळून पालथा ठेवला. मग वळून परत आले, आणि पुन्हा भरला.

आता पुन्हा तो वास आला आहे. झाड या वर्षी आणखी दाट फुललंय. ताण कधी तोडायचा ते अजूनही खालतीच ठरवते, आणि बाबा अजूनही बादली घेऊन हजर असतात. इनेस फोनवर विचारते, पान बघितलंस का?

तुम्हाला मी सुरुवातीला प्रश्न विचारला होता. तुमचं उत्तर काहीही असो, एक काम करा. उन्हाळा तोंडावर आहे. टार्निट असो, गुंगालिन असो, तुमची आणखी कुठली नवी कोरी गल्ली असो, तुमच्या फाटकाबाहेर, आत नाही, बाहेर, एक माठ ठेवा. माठ नसेल तर झाकणाचं कुठलंही भांडं चालेल. पेला ठेवा. फुलाचं पाणी नसलं तरी हरकत नाही, साधं पुरे. रोज सकाळी स्वतः जाऊन बघा, किती उरलं, किती संपलं. संपलं असेल तर भरा.

आणि कोण प्यायलं, ते विचारू नका.